चेपलेली डबी

"मॅडम, ह्या मेलेल्या सोडून द्यायच्या ना?" युवराजनं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं. राजेश्वरीच्या हातातला चहा कपाच्या काठापर्यंत आला आणि परत खाली बसला. युवराज मूळचा कुर्डुवाडीचा. आता पुण्याच्या एका कंपनीकडून हॉस्पिटलचा सगळा बॅकअप जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर हलवून द्यायला आला होता. कामात चोख, बोलायला मोकळा. त्याचं काही चुकलं नव्हतं. मृत रुग्णांच्या जुन्या एक्स-रे प्रतिमा नव्या यंत्रावर न्यायच्या नाहीत, नातेवाइकांनी मागितली तर प्रत द्यायची, बाकी जुन्याबरोबर पुसून टाकायचं, असं बैठकीत ठरलं होतं, आणि त्या बैठकीत तीही मान हलवत बसली होती. जागा थोडी होती आणि ठरलं ते शहाणपणाचंच होतं. "हो," ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "थांब. आज नको. त्या सगळ्यात शेवटी घेऊ." "चालतंय की," युवराज म्हणाला, "मेलेल्यांना कुठं घाई असती." तो स्वतःच हसला. तीही हसली, कारण ऑफिसात अशा बोलण्यावर हसायचं असतं. मग ती उठून यंत्रांच्या खोलीच्या काचेजवळ जाऊन उभी राहिली. आत गारवा होता, एकसारखी घरघर होती, आणि हिरवे दिवे लुकलुकत होते. जुनं यंत्र डाव्या हाताला होतं. त्यात कुठंतरी सुकन्या होती.

ती तिथं आहे हे राजेश्वरीला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. जुन्या प्रतिमा नीट परत उघडतात की नाही हे तपासायचं काम तिच्याकडं आलं होतं, आणि नावांमागून नावं सरकत असताना मध्येच ते आलं. सुकन्या सिद्धाराम, वय नऊ, छाती. तिनं ते उघडलं नाही. कामाशिवाय दुसऱ्याची नोंद उघडायची नाही, हे ती पुढं हाताखालच्या मुलांनाही शिकवत आली. पण तेवढंच कारण नव्हतं. उघडलं असतं तर काय दिसलं असतं? चार फासळ्या आणि अंधार. न उघडता ती तिथं होती, पुरती होती, आणि सकाळी कामावर येताना काचेवरून नजर फिरवली की राजेश्वरीला बरं वाटायचं, शाळेत एकाच वर्गात असताना मागच्या बाकाकडं न बघताही सुकन्या तिथं बसली आहे हे कळायचं, तसं. माणसाला काही गोष्टी बघायच्या नसतात, नुसत्या असायला हव्या असतात. आता ती असणार नव्हती, आणि ते युवराजच्या एका बटणावर आलं होतं.

जुळ्या. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या गल्लीत कुणीही त्यांना एकेकटीच्या नावानं हाक मारत नसे. 'राजीसुकी' अशी एकच हाक, आणि दोघी ओ द्यायच्या. एकाच ताग्यातले फ्रॉक, एकाच बाजूला पाडलेला भांग. अव्वा, म्हणजे त्यांची आई सावित्रम्मा, घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायची. अप्पा चादरीच्या कारखान्यात माग चालवायचे. रात्रपाळी करून अप्पा पहाटे यायचे तेव्हा दोघी एकाच चादरीखाली, एकाच कुशीवर निजलेल्या असायच्या. अप्पा हातपाय धुवून यायचे आणि अंधारात एकीच्या गळ्याशी बोटं न्यायचे. घरच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं दोघींच्या गळ्यात जन्मल्यापासून लिंग बांधलेलं होतं, लिंबाएवढ्या चांदीच्या डबीत, काळ्या दोऱ्यात. दोन्ही डब्या एकाच सोनाराच्या. पण सुकन्यानं एकदा उंबऱ्यावर बसून गळ्यातल्या डबीनंच बदाम फोडले होते, झाडाखाली पडतात ते रानटी बदाम. आतल्या लिंगाला काही झालं नाही, पण डबी एका बाजूनं चेपून सपाट झाली. अव्वानं तिला पाठीत धपाटे घातले. देवानं बदाम फोडतीस, उद्या देवाला फोडशील, म्हणाली. डबी सोनाराकडं न्यायला निघाली तेव्हा अप्पांनीच अडवलं. "ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले, "वळकायला बरं." आणि खरंच, तेव्हापासून अप्पा अंधारात बोटांनी ओळखायचे. चेपलेली कड लागली की म्हणायचे, "सुकी." गोल लागली की म्हणायचे, "राजी." इतकंच. मग निजायचे. राजेश्वरी पुष्कळदा जागी असायची, पण डोळे उघडायची नाही. गळ्याशी तेलाचा वास येणारी बोटं, आणि मग आपलं नाव. दिवसा कुणी न दिलेलं आपलं एकटीचं नाव.

फोटोचं झालं ते असं. शाळेच्या कुठल्या परीक्षेला दोघींचे फोटो हवे होते. अप्पा निघाले त्या दिवशी सुकन्या तापानं घरी पडली होती, म्हणून राजेश्वरी एकटीच अप्पांबरोबर स्टुडिओत गेली. उंच स्टूल, मागं निळा पडदा, आणि फोटोवाल्यानं हनुवटीला लावलेलं गार बोट. तो म्हणाला, "दुसरी कुटं हाय?" अप्पा म्हणाले, "दोगी सारक्याच की. हिच्याच जास्तीच्या कापी काडा." फोटोवाला हसला, "सिद्धारामअण्णा, तुमचं बरं हाय. येका लेकरात दोन." अप्पाही हसले. परत येताना त्यांनी तिला बर्फाचा गोळा घेऊन दिला आणि घरी सांगू नकोस म्हणाले. घरी आल्यावर ओठ लाल बघून सुकन्यानं ओळखलंच, आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तिचा ताप छातीत उतरला. ह्याच हॉस्पिटलात तिला आणलं. राजेश्वरी एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर, सुकन्याच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. आत अव्वा कुणाशी तरी वाद घालत होती. मग सुकन्याला वर नेलं, आणि चपला मांडीवरच राहिल्या.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. कुणाच्या तरी लग्नातला एक होता, त्यात गर्दीमागं दोन वेण्या दिसत होत्या. बाकी तो शाळेचा. स्टुडिओवाल्यानं तो मोठा करून दिला, चौकट बसवली, आणि अव्वानं त्याला हार घातला. तेव्हापासून राजेश्वरी रोज स्वतःच्या फोटोखाली बसून जेवत आली, अभ्यास करत आली, लग्न होऊन गावातल्याच जुळे सोलापूर भागात गेली. तिचं तिला ते कळत होतं: हनुवटीवरचं ते गार बोट अजून जाणवायचं, आणि फोटोतली मुलगी तेच सोसत असल्यासारखी किंचित मान ताठ करून बघत होती. अप्पांनाही माहीत होतं. ते त्या भिंतीकडं पाठ करून बसायचे. पहाटे ते अजूनही गळ्याशी बोटं न्यायचे, पण आता त्यांची बोटं गोल कडेवर फिरत राहायची, पुन्हापुन्हा, कुठंतरी सपाट लागेल म्हणून. नाव मात्र घ्यायचे नाहीत. अप्पा गेले ते तसेच, काही न बोलता. आणि अव्वा? अव्वाला माहीत नाही, असं राजेश्वरी धरून चालली होती. सांगायचं म्हणजे तिच्या भिंतीवरची मुलगी काढून घ्यायची, दुसऱ्यांदा. ते तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. दरवर्षी सुकन्या गेल्याच्या दिवशी अव्वा फोटोला नवा हार घालायची, आणि त्याआधी न चुकता म्हणायची, "राजी, तू जरा भायेर जा." ती बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायची. आपला जिवंत चेहरा अव्वाला त्या वेळी सोसत नाही, हे तिनं लहानपणीच समजून घेतलं होतं आणि ते ती कुणाला बोलली नव्हती. संध्याकाळी अव्वा तिला पाटावर बसवून मीठमिरच्या ओवाळून तिची दृष्ट काढायची. दिवसभर झिडकारल्याची भरपाई, असं तिला वाटायचं.

प्रतीसाठी अर्ज वारसाचा, म्हणजे आईचा, लागणार होता. बहिणीला, तीही तिथं नोकरी करणाऱ्या बहिणीला, गुपचूप काढून घेता आली असती, पण तसं ती करणार नव्हती. म्हणजे अव्वाला सांगावं लागणार होतं. संध्याकाळी ती भवानी पेठेत गेली. अव्वा टॉवेलच्या गठ्ठ्यात बसून दोरे कापत होती.

"अव्वा, एका अर्जावर तुझी सही पाहिजे."

"कशाला? घर इकतीस का माजं?"

"घर भाड्याचं आहे."

"मग तर लईच हुशार हाईस." अव्वानं दोरा दातानं तोडला. "बस. तू तितं दिसभर करतीस काय ते तरी येकदा सांग. शेजारची शरणम्मा इचारती, मी म्हंते आमची राजी कॉम्प्युटर पुसती."

राजेश्वरी खाली बसली. गठ्ठ्यातला एक टॉवेल तिनं मांडीवर ओढला. कुठून सुरू करावं ते कळत नव्हतं, म्हणून तिनं सगळ्यात सोप्या टोकापासून केलं. "समज, गल्लीतल्या सगळ्यांनी आपापले टॉवेल तुझ्याकडं जपून ठेवायला दिले. सगळे एकाच कारखान्याचे, एकाच नक्षीचे. घर तर एवढंसं. मग तू एकच ठेवलास, आणि बाकीच्यांच्या जागी एकेक चिठ्ठी ठेवलीस, की तुझा टॉवेल तिकडं आहे बघ. कुणी मागायला आलं की चिठ्ठी बघायची आणि तिकडचा टॉवेल दाखवायचा. आमचं जुनं यंत्र असं ठेवतं."

"आनि येकादा फाटका आसला तर?"

"तो वेगळा. एक दोरा जरी निसटलेला असला तरी तो वेगळा धरतं आणि वेगळा ठेवतं. वरवर सारखं दिसलं म्हणून फसत नाही." बोलता बोलता ती थांबली. हे ती शेकडो वेळा सांगत आली होती, नव्या मुलांना, डॉक्टरांना, आणि आजच तिला ते ऐकू आलं. सारखेपणा हुडकण्यासाठीच बनवलेलं यंत्र. त्यानंसुद्धा दोघींना कधी एक धरलं नसतं. "आता आम्ही घर बदलतोय," ती पुढं म्हणाली. "जुन्या घरच्या चिठ्ठ्या नव्या घरात चालत नाहीत. तिकडं म्हणजे कुठं, ते तिथं कुणाला कळणार? म्हणून निघायच्या आधी ज्याचा त्याचा टॉवेल परत पुरता करून द्यावा लागतो. मग सगळं फुगतं, नव्या घरात मावत नाही. म्हणून ज्यांचं कुणी मागायला येत नाही, ते मागं सोडायचं."

अव्वाची कात्री थांबली. ती गठ्ठ्याकडं बघत होती. "म्हंजी तुज्या अप्पानं फोटोवाल्याकडं केलं तेच की," ती म्हणाली. "येकीचा काडला. दुसरीच्या जागी चिट्टी."

बाहेर कुणाच्या तरी मागाचा खटका चालू होता. राजेश्वरीनं मांडीवरच्या टॉवेलची घडी घातली. सुकन्याच्या जागी चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर तिचं नाव. लग्नाकार्यात बायका तिची हनुवटी धरून म्हणायच्या, तुझ्याकडं बघितलं की सुकीच दिसती. ती उभी राहायची, बघू द्यायची. तिकडं म्हणजे हिच्याकडं.

"तुला माहीत होतं?"

"त्या दिशी ती तापानं फनफनत हुती. तापलेलं पोर फोटोत आसं बगंल व्हय?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दुसरा कुटं हुता?" अव्वानं कात्री उचलली, पण दोरा कापला नाही. "त्यो मानूस आदीच खचलावता. रोज पाट करून बसायचा. त्येला आनि काय म्हनू, माजी पोर कुटं हाय म्हनून?"

तेव्हा राजेश्वरीनं सांगितलं. सुकन्याचा एक्स-रे आहे. तिचा स्वतःचा. आईनं मागितला तर देतात, नाहीतर तो जाणार. अव्वा म्हणाली, "हाडांचा?" ती म्हणाली, "छातीचा." अव्वानं मान हलवली, नको असल्यासारखी, आणि मग ती मान मध्येच थांबली. "त्यो मशीनवाला डबी काडा म्हनत हुता," ती सावकाश म्हणाली. "चांदी आडवी येती म्हनत हुता. मी न्हाई म्हनले. आजारी लेकराच्या अंगावरनं लिंग काडत आस्त्यात व्हय? लई भांडला माज्याशी. मग म्हनला, ऱ्हाऊ द्या, तुमचा देव तुमच्यापाशी." ती राजेश्वरीकडं बघू लागली. "मग डबी आसंल की त्येच्यात."

राजेश्वरीच्या हे कधी मनातच आलं नव्हतं. स्टुडिओतल्या फोटोत डबी फ्रॉकच्या आत होती, आणि माणसाचे डोळे कापडाशी थांबतात.

अव्वानं अर्जावर सही केली, एकेक अक्षर थांबून. दुसऱ्या दिवशी ती धुतलेली साडी नेसून आली, एक्स-रे विभागात खुर्चीच्या कडेवर बसली. तिथल्या बाईंनी राजेश्वरीकडं बघून स्क्रीन वळवला. उघडायला थोडा वेळ लागला. जुन्या यंत्रात सुकन्या तुकड्या-तुकड्यांनी ठेवलेली होती. ते तुकडे ठिकठिकाणाहून येऊन एकेक पट्टी उजळत गेली. आधी खांद्याची बारीक हाडं. मग पाखराच्या पिंजऱ्यासारख्या फासळ्या. एका बाजूला धुकं दाटलेलं, तेच तिला घेऊन गेलं होतं. आणि मधोमध, काळजाच्या जरा वर, पांढराशुभ्र ठिपका, लिंबाएवढा. तीन बाजूंनी गोल. एका बाजूनं सपाट.

अव्वानं फासळ्यांकडं बघितलंच नाही. तिनं बोट पुढं केलं. बाई म्हणाल्या, "आजी, काचेला हात नको," आणि मग स्वतःच जरा मागं सरकल्या. अव्वाचं बोट त्या सपाट कडेवरून वरून खाली गेलं.

"हीच," ती म्हणाली. "ह्येनंच बदाम फोडलंवतं."

राजेश्वरीला वाटलं होतं की आपल्याला रडू येईल. आलं ते दुसरंच काहीतरी, सुकन्या आत्ता इथं, दम रोखून उभी आहे असं. श्वास घे, धरून ठेव, हलू नकोस, असं तिला आत कुणीतरी सांगितलं असेल. त्या सांगण्यासरशी तिनं छाती भरून घेतलेली दिसत होती. तो श्वास अजून तसाच आत होता. सोड आता, असं म्हणायला राजेश्वरी तिथं नव्हती, बाहेर चपला धरून बसली होती. ती चेपलेली डबी पुढं रिवाजाप्रमाणं सुकन्याच्या तळहातावर ठेवून तिला बसवलं, मातीखाली. हातात कुणाच्याच काही उरलं नव्हतं. उरलं ते ह्या पांढऱ्या ठिपक्यात, अव्वानं देव काढायला नाही म्हटल्यामुळं खराब झालेल्या एका एक्स-रेत.

काचेसारख्या फिल्मवर प्रत छापून मिळाली. त्या आठवड्यात युवराजचं काम संपलं. "सगळं पुरतं करून नेलं मॅडम," तो म्हणाला, "आता हे जुनं पुसतो." तिनं हो म्हटलं. पुसायला फार वेळ लागला नाही. हिरवे दिवे एकेक करून विझले. ज्यांचं कुणी मागायला आलं नव्हतं त्यांची नावं ती ओळखत नव्हती, पण त्यांच्यातल्या पुष्कळांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून श्वास धरून ठेवला असेल, एवढं तिला कळत होतं. घरघर थांबल्यावर खोली एकदम मोठी झाली. युवराजनं वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "चहा घेणार का मॅडम?" आणि ती हो म्हणाली, आणि चहा प्यायली.

रविवारी ती भवानी पेठेत गेली तेव्हा अव्वानं स्टूल भिंतीपाशी ओढून ठेवलं होतं. फिल्म खिडकीच्या गजांत उभी केली होती, मागून ऊन येत होतं, आणि टॉवेलच्या गठ्ठ्यावर फासळ्यांच्या फिकट सावल्या पडल्या होत्या.

"राजी, तू जरा भायेर जा," अव्वा म्हणाली.

राजेश्वरी उंबऱ्यापर्यंत गेली. इतक्या वर्षांची सवय पायांना होती. मग ती वळली. "आज नाही जात. का बाहेर घालवतेस मला दर वेळी? माझं तोंड बघवत नाही तुला?"

अव्वा स्टुलावर चढता चढता थांबली. तिला ते कळायला वेळ लागला. "खुळी का काय तू," ती म्हणाली. "जित्या मानसाच्या फोटोला हार घालायचा, आनि ते मानूस फुडं उबं? काय हुतं म्हाईत हाय का? म्हनून भायेर धाडायची. आनि मग दिस मावळायला दृष्ट काडायची तुजी. हार तुज्या गळ्यात पडला आसंल तर उतरावा म्हनून."

राजेश्वरीनं दाराच्या चौकटीला हात टेकला. बाहेरच्या कट्ट्यावर बसलेली एक मुलगी तिला दिसली, दहाची, अकराची, पंधराची, दरवर्षी तिथंच, गुडघ्यांत हनुवटी. तिला जाऊन सांगावं असं काही आता होतं, पण ती तिथं नव्हती.

अव्वानं हार काढला. सुकलेल्या पाकळ्या तिच्या डोक्यावर गळल्या. चौकट खाली घेऊन तिनं काच पदरानं पुसली, कोपरे पुसले, आणि फोटो राजेश्वरीच्या हातात दिला. "ह्यो तुजा. घिऊन जा घरी." भिंतीवर चौकटीएवढा चुन्याचा पांढरा चौकोन राहिला. राजेश्वरी फोटोतल्या मुलीकडं बघत राहिली. ती नऊ वर्षांची होती, तिला काही झालेलं नव्हतं, ती थोड्याच वेळात बर्फाचा गोळा खायला जाणार होती.

"तिला?" तिनं खिडकीकडं मान वळवून विचारलं. "तिला हार?"

"तिला नको." अव्वा खिडकीकडं बघत होती. "तिच्या गळ्यात हाय की."

मग अव्वा जवळ आली. तिच्या बोटांना दोऱ्याचा, कोऱ्या कापडाचा वास होता. तिनं ती राजेश्वरीच्या गळ्याशी नेली, पदराच्या आत, आणि डबी चाचपली. राजेश्वरीनं डोळे मिटले. बोटं गोल कडेवरून एकदा फिरली. पुन्हा फिरली. कुठंच सपाट लागलं नाही, पण अव्वानं हात काढून घेतला नाही.

"राजी," ती म्हणाली.